कुंदाच्या वाट्याचं धावणं

दिवाळी होऊन दोन-तीन आठवडे उलटले, की भोपाळात एखाद्या सकाळी नळाचं पाणी बोटांना चावतं. हिवाळा आला, हे मी त्या दिवशी ओळखते. मग बाजारात मटारचे ढीग लागतात, पेरूवाले हातगाडीवर तिखट-मिठाच्या पुड्या बांधून ठेवतात, शेजारच्या गच्चीवर रजया उन्हं खात पडतात. आणि माझी डावी मांडी आतून दुखायला लागते. त्या दुखण्याचं मला फारसं काही वाटत नाही. एकदा मोडलेलं हाड आहे, थंडीत बोलणारच. पण त्याच्याबरोबर बरखेड्यातला एक हिवाळा दरवर्षी घरात येऊन बसतो. त्याला मला काही केल्या उठवता येत नाही.

तेव्हा आम्ही बरखेड्यात, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. माझं माहेर भोपाळातच, तुलसीनगरातलं. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले, त्यामुळे मी सरकारी क्वार्टरमध्ये वाढले आणि लग्न होऊन कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आले. एकसारख्या घरांच्या रांगा, प्रत्येक अंगणात एक पेरू, फाटकावर बोगनवेल, आणि साऱ्या वस्तीचं घड्याळ म्हणजे कारखान्याचा भोंगा. आमचे हे वेल्डिंगच्या शॉपमध्ये होते. मी ड्रॉइंग ऑफिसात दिवसभर तिरक्या टेबलापुढे उभी राहून ट्रेसिंग पेपरवर शाईच्या रेघा ओढायची. संध्याकाळी पाय असे जड व्हायचे की वाटायचं, हे पाय फक्त उभं राहण्यासाठीच दिलेत का?

कुंदा आमच्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिचे यजमान दिवाकरराव कारखान्यात हिशेबनीस होते, घरात सासूबाई होत्या. त्यांना सगळी गल्ली माई म्हणायची. कुंदा उज्जैनची. तिच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली असायची की मला आधी हसू यायचं. ती 'मी गेली', 'मी बोलली' म्हणायची, मी तिला दुरुस्त करायची आणि ती म्हणायची, तुझं नागपूर तुझ्याजवळ ठेव. आमचं धावणं सुरू झालं ते दुधाच्या रांगेमुळे. एका सकाळी बूथवर गाडी आलेली दिसली आणि पहिला नंबर लागावा म्हणून आम्ही दोघी किटल्या हातात घेऊन पळालो. बूथ आला तरी कुंदा थांबली नाही. पुढच्या चौकापर्यंत जाऊन वळून आली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कुणाच्याच चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही किटल्या घरी ठेवून निघालो.

सलवार-कमीज, वर नवऱ्याचा जुना स्वेटर, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. पहाटेच्या अंधुक उजेडात युकॅलिप्टसच्या रांगांमधून आम्ही जायचो. पानांचा तो औषधी वास, कुठेतरी पेटवलेल्या शेगडीचा धूर, रात्रपाळी करून सायकलवर परतणारे कामगार. ते आधी हसले, मग ओळखीचे झाले, मग रस्ता देऊ लागले. माझी पावलं धपधप वाजायची. कुंदाची वाजायचीच नाहीत. मी धापा टाकत बोलायची आणि ती माझ्या शेजारून, जणू काही करतच नाही अशी, नुसती सरकत असायची. ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली धावायची. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मी ते कुणालाच, तिलासुद्धा, एकदाही म्हटलं नाही.

वस्तीचं महिला मंडळ दर जानेवारीत कुठल्यातरी चांगल्या कामासाठी एक लांब दौड भरवायचं. एकवीस किलोमीटर, बरखेडा-पिपलानी-गोविंदपुरा असा मोठा वळसा दोनदा. गंमत अशी की मंडळ बायकांचं आणि धावायला सगळे पुरुष. आम्ही दोघींनी सलग तीन वर्षं नावं दिली आणि तिन्ही वर्षं पुरी केली. आमच्या दोन्ही घरांत हे धावणं म्हणजे चालवून घेतलेली गोष्ट होती. माई म्हणायच्या, सुनेचं पाऊल उंबऱ्याच्या आत शोभतं. आमचे हे तसं बोलायचे नाहीत, पण एकदा जेवताना म्हणाले होते, तुझं हे खूळ एक दिवस घराला महागात पडणार. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच ते माझ्या लक्षात राहिलं.

दसऱ्यानंतरची ती सकाळ. जानेवारीच्या तयारीसाठी चढ हवेत म्हणून आम्ही मोठ्या तलावाच्या रस्त्यावर जायचं ठरवलं होतं. कुंदाने नुकतीच लूना शिकून घेतली होती. दिवाकररावांनी मोठ्या मनाने आपली गाडी तिला दिली होती आणि कुंदा ती फार जपून चालवायची. इतकी जपून, की मी मागे बसून चिडवायची. तलावावर त्या दिवशी धुकं होतं. आम्ही तीनदा चढ चढलो. कुंदा खाली उतरू या म्हणाली तेव्हा मीच आणखी एकदा, आणखी एकदा करत राहिले. आणि मग घड्याळ पाहिलं. भोंग्याच्या आत मला कारखान्याच्या फाटकावर पोचायला हवं होतं. त्या महिन्यात दोनदा उशीर झालेला होता, तिसऱ्यांदा झाला की चिठ्ठी घरी जाणार होती.

परतताना एका उतारावर पुढे टेंपो होता, बाजूला रस्त्याच्या कामाची खडी पडलेली. कुंदाने वेग कमी केला. ती म्हणाली, याला जाऊ दे पुढे. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, निघून जा गं, जागा आहे. ती म्हणाली, नाही, थांबते. मी तिच्या खांद्याला पुढे रेटा दिला आणि म्हटलं, "तू घाबरतेस म्हणून मला रोज उशीर होतो."

ती निघाली. खडीवर मागचं चाक सरकलं. कुंदा एका बाजूला पडली, तिचं कोपर सोललं. मी दुसऱ्या बाजूला, टेंपोच्या चाकाशी.

मला आठवतं ते एवढंच, की मी आकाशाकडे पाहत होते आणि कुंदा वाकून माझा चेहरा दोन्ही हातांत धरून सारखं विचारत होती, पाय हलतो का, शैला, पाय हलतो का. माझा पाय माझा राहिलाच नव्हता.

शहरातल्या मोठ्या सरकारी इस्पितळात मी जवळजवळ दोन महिने पडून होते. पायाला दोरी, दोरीला वजन, वजन पलंगाच्या टोकाशी लोंबकळत. पहिल्या आठवड्यातला एक रविवार. भेटीच्या वेळी पलंगाभोवती गल्लीतल्या दोघीतिघी, आमचे हे आणि माई. कुंदा मागे उभी होती, हातात मुगाच्या कढणाचा डबा. कुणीतरी म्हणालं, नवी नवी गाडी शिकल्यावर असंच होतं, हात बसायच्या आधीच उडायला लागतात. माई म्हणाल्या, दुसऱ्याच्या घरची सून आमच्या हिने जन्माची लंगडी केली. कुंदाने माझ्याकडे पाहिलं. तिने काही मागितलं नाही, नुसतं पाहिलं. मला बोलायला एकच वाक्य होतं. आणि मी डोळे मिटून घेतले, जशी काही कळ आली.

कळ आली नव्हती.

सगळे गेल्यावर आमचे हे स्टुलावर बसून राहिले. म्हणाले, मी तुझ्या धावण्याला उगीच दोष देत होतो, यात तुझी काय चूक, त्या बाईला गाडी येत नव्हती. मी ऐकत होते आणि मनातल्या मनात एक हिशेब जुळत होता. खरं सांगितलं, तर महागात पडणारं खूळ म्हणून माझं धावणं त्याच क्षणी संपणार. नाही सांगितलं, तर उभी राहू शकले तर कदाचित धावताही येईल. असा विचार मी शब्दांत केला होता असं नाही. पण तो मी केला होता. माणूस स्वतःला फसवताना शब्द वापरत नाही, एवढं मला आता कळतं.

माझ्या शेजारच्या पलंगावर रामरती नावाची सीहोरकडच्या गावातली बाई होती, कंबरेचं हाड मोडलेली. तिचा म्हातारा नवरा बाहेरच्या व्हरांड्यात पोतं अंथरून झोपायचा. त्या साली थंडी कडाक्याची होती. रोज सकाळी तो आत यायचा तेव्हा त्याचे हात निळे-काळे पडलेले असायचे आणि रामरती ते हात स्वतःच्या पांघरुणात घेऊन चोळत बसायची. एक दिवस ती मला म्हणाली, "मरीज तो मैं हूँ बाई, पर सज़ा इनको हो रही है।" हे तिने सहज म्हटलं होतं. मी भिंतीकडे तोंड केलं.

ती बरी होऊन गेली. मीही घरी आले, कुबड्यांवर. पाय जुळला, पण अर्ध्या इंचाने आखूड राहिला. डॉक्टरांनी सांगितलं की चालाल व्यवस्थित, धावण्याचं मात्र विसरा. उन्हाळा कुबड्यांत गेला, पावसाळा काठीत. गणपतीच्या आसपास महिला मंडळाच्या बाई घरी आल्या होत्या, त्यांना मी व्हरांड्यातल्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वर्षीची दौड इस्पितळात नातेवाइकांसाठी निवारा बांधायला आणि रजया गोळा करायला करायची असं ठरलं. प्रत्येक धावणाऱ्याच्या गल्लीने तो जितके किलोमीटर पुरे करील तितक्या रजया द्यायच्या. आणि मी म्हणून बसले, आमच्या गल्लीतून मी धावेन.

तो हिवाळा असा सुरू झाला.

पहिल्या दिवशी फाटकापासून दुधाच्या बूथपर्यंत चालत. आठवड्याने काठीशिवाय. मग एक विजेचा खांब चालायचं, एक खांब धावायचं. गवतावर दव, श्वासाची वाफ, मफलरमधून येणारा लोकरीचा ओला वास. त्या सकाळी मी एकटी असायची. शेजारी पावलं नव्हती, तशी ती आधीही ऐकू येत नव्हतीच, पण आता त्यांचं नसणं ऐकू यायचं. दिवाकररावांनी लूना विकून टाकली होती. कुंदाचं सकाळी दुधाखेरीज बाहेर पडणं बंद झालं होतं, म्हणजे कुणी कुलूप लावलं नव्हतं, फक्त ती दाराशी गेली की माई विचारायच्या, आज कुणाला पाडायचंय? हे मला गल्लीतल्या दुसऱ्या बाईने हसत हसत सांगितलं. मीही थोडी हसले होते.

माझ्या वळशात कुंदाचं घर रोज यायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा असायचा. मी मान वळवायची नाही. पण तिथून जाताना लंगडणं लपवायचा प्रयत्न करायची, त्यामुळे जास्तच लंगडायची.

डिसेंबरच्या मध्यावर मी आठ किलोमीटरपर्यंत पोचले आणि तिथेच अडकले. पिपलानीच्या चढाआधी कंबरेत अशी सणक भरायची की पाऊल उचलेना. चार दिवस तेच झालं. पाचव्या दिवशी मी वाटेतल्या पुलाच्या कठड्यावर बसून चक्क रडले. वर्षभराची सगळी मेहनत अशी कंबरेत येऊन थांबावी, याचा इतका राग आला होता.

कुंदा दुधाची किटली घेऊन आली. बूथ उलट्या दिशेला होता, म्हणजे ती मुद्दाम आली होती. माझ्या शेजारी बसली, किटली खाली ठेवली आणि काही न विचारता माझा पाय मांडीवर घेऊन दाबू लागली. तिचे हात गार होते. थोड्या वेळाने म्हणाली, तू रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतेस. मी म्हटलं, सगळेच डावीकडून जातात. ती म्हणाली, रस्ता मधे उंच असतो आणि कडेला उतरता, पाणी वाहून जायला. तुझा डावा पाय आधीच छोटा, तो तू रोज उतारावर टाकतेस. उजव्या बाजूने धाव, म्हणजे डावा पाय उंचावर पडेल.

मी तिच्याकडे पाहत राहिले. महिनाभर ती खिडकीतून माझं धावणं पाहत होती आणि त्यात माझी लाज न पाहता माझा रस्ता पाहत होती.

मी उठून उजव्या बाजूला गेले आणि धावून पाहिलं. पाच-पन्नास पावलं. कंबर बोलली नाही. मी परत आले तेव्हा ती उठली होती. मी म्हटलं, चल ना गं तूसुद्धा. तुझ्याशिवाय मजा नाही. तिने किटली उचलली. मग ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तू एकदा माईंना सांगशील? की मी थांबत होती?"

मी म्हटलं, सांगेन, नक्की सांगेन. "पण दौड होऊ दे. आत्ता घरी काही निघालं तर हे मला धावायला सोडणार नाहीत."

ती म्हणाली, हो, होऊ दे. एवढंच. आणि दूध न घेताच घरी गेली, कारण उशीर झाला होता.

त्यानंतर मी उजव्या बाजूने धावू लागले. दहा झाले, बारा झाले, संक्रांतीच्या आधी सोळा झाले. समोरून येणारे सायकलवाले ओरडायचे, मी हात करायची. देह परत माझा होतोय, याचा आनंद काय असतो ते ज्याने गमावलाय त्यालाच कळावं. उन्हं वर येता येता मी घरी पोचायची, अंगणात बसून बूट काढायची, तळव्यांना मातीचा गारवा लागायचा आणि वाटायचं, देवा, आता काही नको. अशा वेळी एक वाक्य बोलायचं राहिलंय याची आठवण माणसाला होत नाही. किंवा होते, आणि तो दुसरीकडे पाहतो.

दौडीच्या दिवशी सगळी वस्ती रस्त्यावर होती. पहिला वळसा मी कसाबसा, पण न थांबता काढला. दुसऱ्या वळशात, शेवटचे पाच-सहा किलोमीटर उरले असताना, रस्ता आमच्या गल्लीतून जात होता. लोक टाळ्या वाजवत होते, माझं नाव घेत होते. कुंदाच्या अंगणात उन्हात बाज टाकली होती, तिच्यावर माई बसलेल्या, आणि कुंदा फाटकाशी लिंबू-मिठाच्या पाण्याचा पेला घेऊन उभी. मी पेला घ्यायला तिच्याजवळ गेले. तेवढ्यात माई मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघ गं, जिला तू पाडलंस ती धावतेय."

लोक हसले. वाईट हेतूने नाही, म्हातारीचं बोलणं म्हणून.

कुंदाने पेला पुढे धरला होता. मी तो घेतला. दोन घोट प्यायले. त्या दौडीत बक्षीस नव्हतं, वेळ कुणी मोजत नव्हतं. मी तिथे मिनिटभर थांबले असते तर जगात कुणाचं काहीही बिघडलं नसतं. माईंकडे वळून म्हणायचं होतं, की ती थांबत होती, मी रेटलं. सगळी गल्ली तिथेच होती, आमचे हेही टाळ्या वाजवत फाटकापाशी उभे होते. असा क्षण मला पुन्हा कधी मिळाला नाही.

मी पेला परत दिला आणि पुढे निघाले.

एकवीस किलोमीटर पुरे झाले. आमच्या गल्लीने एकवीस रजया दिल्या. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्यांचे डोळे भरून आले होते. इस्पितळाच्या आवारात निवारा बांधला गेला, तो मी नंतर जाऊन पाहिला. आत माणसं झोपली होती, कुणी कण्हत होतं, कुणी चहा पीत होतं. ते काम खरं होतं. माझ्या खोटेपणाने त्या रजयांची ऊब कमी झाली नसेल, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

आणि माईंना सांगायचं? दौड झाली तेव्हा वाटलं, जरा दिवस जाऊ देत. मग मार्च आला, वर्षअखेरीचं काम आलं. मग एप्रिलमध्ये दिवाकररावांची बदली झाली, दूरच्या दुसऱ्या कारखान्यात. मे महिन्यात सामानाचा ट्रक गल्लीत उभा राहिला. मी पोळ्यांचा डबा घेऊन गेले. माई समोरच खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांनी मला जवळ बोलावून पायावरून हात फिरवला, म्हणाल्या, जप हो पोरी. मी वाकून नमस्कार केला. कुंदा दोरीच्या गाठी मारत होती. तिने एकदा वर पाहिलं, मग पुन्हा गाठ मारली.

तिचं एक पत्र आलं होतं. तिकडे पाणी खारं आहे, रस्ते चांगले आहेत, असं काहीसं. मी उत्तरात इथल्या थंडीबद्दल लिहिलं.

मी पुढे कितीतरी वर्षं दर जानेवारीत धावले. कधी शाळेच्या खोलीसाठी, कधी रक्तपेढीसाठी. मंडळाच्या फलकावर माझा फोटो लागला. कार्यक्रमात कुणीतरी माझी ओळख करून द्यायचं: मैत्रिणीच्या गाडीवरून पडून पाय मोडला, डॉक्टरांनी आशा सोडली, तरी या उभ्या राहिल्या. मी मान खाली घालून ऐकायची. लोकांना तो विनय वाटायचा. दरवर्षी तेच वाक्य, दरवर्षी मैत्रिणीची गाडी. कधीकधी वाटायचं, मी एकटी धावतच नाही. ती जे धावली असती तेही मीच धावून टाकते आहे, तिच्या वाट्याचं, तिला न विचारता.

हे गेले, त्याला आता सहा वर्षं झाली. त्यांनाही मी सांगितलं नाही. शेवटच्या आजारात ते एकदा म्हणाले, तुझ्यासारखी जिद्द कुणात पाहिली नाही. मी त्यांचं पांघरूण नीट केलं.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मराठी मंडळात, तिथे आता आम्हा विधवांनाही बोलावतात, एका बाईंनी सहज सांगितलं, की पूर्वी बरखेड्यात राहणाऱ्या कुंदाताई परत भोपाळात आल्यात, मुलीकडे. मुलगी साकेतनगरातल्या मोठ्या इस्पितळात काम करते. मी वाण हातात घेऊन तशीच बसून राहिले. चार दिवस झोप नीट लागली नाही. पाचव्या दिवशी दुपारी रिक्षा करून गेले.

कुंदा गॅलरीत उन्हात बसून मटार सोलत होती. केस पूर्ण पांढरे, अंग बारीक झालेलं, गुडघ्यांवर शाल. तिने मला लगेच ओळखलं. बस म्हणाली, मुलगी आत चहा करतेय म्हणाली. माझी, तिची, गेलेल्या माणसांची चौकशी झाली. दिवाकरराव गेले, माई तर केव्हाच गेल्या. मी शेंगा हातात घेतल्या, सोलता येईनात. मग मी बोलले. रडले वगैरे नाही, सरळ सांगितलं, की त्या दिवशी तू थांबत होतीस, मी रेटलं, आणि इस्पितळात मी मुद्दाम डोळे मिटले, आणि दौडीच्या दिवशीही मुद्दाम थांबले नाही. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते.

तिने हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, "मला तर मालूमच होतं गं. मला सांगून काय? ज्यांना मालूम व्हायला पाहिजे होतं, त्यांच्यातलं आता कोण राहिलंय?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तिची मुलगी चहा घेऊन आली, चाळिशीची, चेहऱ्याने अगदी दिवाकरराव. कुंदाने माझं नाव सांगितलं आणि म्हणाली, आम्ही दोघी बरखेड्यात एकत्र धावायचो. मुलगी ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिली. आई कधीकाळी धावायची हे तिला माहीतच नव्हतं. तिला दुसरंच काहीतरी माहीत होतं. ती जरा संकोचून म्हणाली, म्हणजे आईने गाडीवरून पाडलेल्या मावशी त्या तुम्हीच का? आजी सारखं सांगायची. त्यामुळे आईने पुढे कधी हँडल धरलं नाही, आणि मलासुद्धा नोकरी लागेपर्यंत गाडी शिकू दिली नाही.

मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यापासून, दुधाच्या रांगेपासून. तिची आई माझ्यापेक्षा चांगली धावायची हेही सांगितलं. कुंदा खाली पाहून दाणे वेगळे करत होती.

माझं बोलून झाल्यावर मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने आईला विचारलं, "मग तू कधी बोलली का नाहीस?"

कुंदा म्हणाली, "बोलली होती ना. घरी सगळ्यांना बोलली होती मी. माई म्हणाल्या, असं असतं तर त्या पोरीने नसतं का सांगितलं?"

चहा गार होत होता. मुलीने माझ्यापुढे कप सरकवला. मी तो दोन्ही हातांनी धरला, आणि प्यायची हिंमत होईना.